भिंगे घासणारा तत्त्वज्ञ



तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असा आपला समज असतो. पण बारूख स्पिनोझा दुर्बिणींची आणि सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासणारा कारागीर होता. १६५६ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले, तेव्हा त्याचे वय अवघे २३ होते.

ईश्वर आणि निसर्ग एकच आहेत, निसर्गाचे नियम मोडणारा चमत्कार घडत नाही, असे तो म्हणे. मात्र त्याने श्रद्धेची टवाळी केली नाही. न्यायाने वागणे आणि शेजाऱ्यावर प्रेम करणे हेच धर्माचे सार, असे त्याने १६७० च्या ग्रंथात मांडले. तो ग्रंथ निनावी छापावा लागला. १६७४ मध्ये हॉलंडमध्ये त्यावर बंदीही आली.

१६७३ मध्ये त्याला हायडेलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले गेले. प्रस्थापित धर्माला धक्का लावणार नाही, ही अपेक्षा होती. त्याने नम्रपणे नकार दिला.

साथींनो, विज्ञानाने डोळे उघडतात, माणुसकीने हात पुढे होतो. रुळांवर आणि टपालाच्या थैल्यांपाशी आपण एकमेकांचा धर्म विचारून काम करत नाही. तीच रीत वस्तीतही पाळू या. आणि आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकू नका, कितीही मोठी खुर्ची मिळत असली तरी!