जुन्या लॅपटॉपचे काय करावे?



२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो. ओसरीवर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच दादांनी विचारले, “अरे, आमचा लॅपटॉप मेला म्हणतात, खरं का?” दादा म्हणजे माझे थोरले बंधू, प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. लॅपटॉप तर त्यांच्या पुढ्यातच चालू होता आणि पडद्यावर चौथीचा पेपर अर्धा टंकून ठेवलेला होता. पण १४ ऑक्टोबरला ‘विंडोज १०’ चा आधार संपणार, अशी सूचना पडद्यावर येऊन गेली होती. आणि तालुक्याच्या दुकानदाराने, “गुरुजी, हे आता भंगार झालं, नवा घेऊन जा, हप्ते पाडून देतो,” असे सांगितले होते. इकडे पुतणीची कॉलेजची फी भरायची होती. तेव्हा दादांनी हप्त्याचा कागद सहीवाचून तसाच ठेवला होता आणि ते माझी वाट पाहत होते.

‘आधार संपला’ म्हणजे नेमके काय झाले, ते आधी पाहू. लॅपटॉपच्या यंत्राकडून काम करून घेणारी एक मुख्य प्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज १० ही अशीच एक प्रणाली, जुलै २०१५ मध्ये आलेली. प्रणाली म्हणजे लक्षावधी ओळींची आज्ञावली. एवढ्या लांब कुंपणाला कोठे ना कोठे खिंडार राहतेच. ते सापडले की कंपनी बुजवते आणि तो दुरुस्तीचा भाग, बहुधा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्या यंत्रावर पाठवते. हे काम १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. ज्वारीच्या रानातला राखणदार माळ्यावरून उतरून घरी गेला, असे समजा. पीक जागच्या जागी उभे आहे. आज रात्रीच डुकरे येतील असे नाही. पण आली तर हाकलायला कोणी नाही.

आणखी एक गोष्ट आहे. नव्या विंडोजमधले खिंडार कंपनी बुजवते, तेव्हा ते कोठे होते हे चोरालाही कळते. तेच जुन्या विंडोजमध्येही असले, तर त्याला आयतीच वाट मिळते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवाने दीडशे देशांतले संगणक अडवले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचेसुद्धा. त्या खिंडाराची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण पुष्कळांनी ती लावलीच नव्हती. “आमच्याकडे अँटिव्हायरस आहे की!” असे कोणी म्हणेल. असू द्या. पण तो कुत्रा आहे, भुंकतो. कुंपण बांधणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून आपले यंत्र ‘विंडोज ११’ घेऊ शकते का, हे सर्वांत आधी पाहावे. रीतसर विंडोज १० असलेल्या यंत्राला ती फुकट मिळते. तिच्या अटी अशा: चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय-३’ किंवा ‘आय-५’ या अक्षरांपुढचा आकडा वाचा. ६००६ असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. आकडा एकाने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक घ्यावेत; म्हणजे १०११० ही दहावी झाली. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे कंपनीचेच एक साधन आहे, तेही उत्तर सांगते. टीपीएम यंत्रात असते, पण कधी कधी आतल्या मांडणीत बंद करून ठेवलेले असते. तेवढे जाणत्याकडून उघडून घेतले की काम झाले. नाही तर चांगला लॅपटॉप उगाच भंगारात जायचा.

दादांचा निघाला सहाव्या पिढीचा, २०१७ सालचा. म्हणजे तो मार्ग बंद. अटी चुकवून विंडोज ११ घुसवण्याच्या युक्त्या बाजारात सांगतात. शाळेचे काम ज्यावर चालते त्या यंत्राला मी त्या लावणार नाही, कारण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची योजना काढली. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर तिची नोंदणी ठेवली. दादांची नोंदणी मी त्याच संध्याकाळी केली. पण हा श्वास घेण्यापुरता वेळ. प्रश्न सुटला नव्हता.

मग मी विचारले, “दादा, ह्यावर तुम्ही करता काय काय?” पेपर टंकणे, शाळेची माहिती ऑनलाइन भरणे, पत्रव्यवहार, मुलांना व्हिडिओ दाखवणे. यातले बहुतेक काम ब्राउझरमध्येच होते. त्याला विंडोजच हवी असे नाही. लिनक्स नावाची मोफत प्रणाली आहे. केरळातल्या सरकारी शाळा ती कितीतरी वर्षे वापरीत आहेत. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ या नावाने एक लिनक्स तयार केली आहे. आम्ही ‘लिनक्स मिंट’ घेतली. तिचा गुण असा की पेन ड्राइव्हवरून आधी नुसती चालवून पाहता येते, लॅपटॉपमधल्या एकाही फाइलला हात न लावता. वाय-फाय चालते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद काढतो का, हे तासाभरात कळते. हिशेबासाठी टॅली किंवा सहीचे डिजिटल टोकन वापरणाऱ्यांनी मात्र ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. टॅली विंडोजवरच चालते.

यंत्र मंद होते, त्याचे खरे कारण जुनी फिरती हार्ड डिस्क. ती काढून एसएसडी बसवली, रॅम चाराची आठ जीबी केली. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या आठव्या हिश्श्यातही खर्च बसला नाही. लॅपटॉप असा उघडला की वहिनी म्हणाल्या, “हाच का तो?”

आणि येथेच माझी फजिती झाली. दादांनी ‘आई’ नावाची एक फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा नुसता उकिरडा दिसला. आमची आई जात्यावर ओव्या म्हणायची. ती गेली त्याच्या आदल्या पावसाळ्यात दादांनी तिच्याजवळ बसून त्या एकेक करून टंकून घेतल्या होत्या. दुसरी प्रत कोठेच नव्हती. दादा काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले.

मी एमए झालेला, कॉलेजात शिकवणारा मनुष्य. पण फाइल मराठीत आहे म्हणजे ती युनिकोडमध्येच असणार, असे धरून चाललो होतो. पूर्वीचे मराठी टंक इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवीत. तो टंक यंत्रात नसला की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. नशिबाने जुनी डिस्क मी पुसली नव्हती. तिच्यातून टंकाची फाइल आणली, नव्या प्रणालीत घातली आणि ओव्या पुन्हा दिसू लागल्या. मग दोन दिवस बसून आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये उतरवला. परिवर्तक वापरला, तरी जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागले. एका ओवीत ‘माहेर’ चे ‘महार’ झाले होते. ते दादांनी पकडले.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, प्रणाली बदलण्याआधी दोन ठिकाणी प्रती करा, आणि फाइलींबरोबर त्यांचे टंकही उचला. आमच्यासारखे उलट्या क्रमाने करू नका.

नवा घेणे भागच पडते, असे प्रसंगही आहेत. बॅटरी फुगली असेल तर यंत्र चार्जिंगला लावू नका, आधी ती काढून घ्या. मदरबोर्ड गेला असेल तर पैसे ओतण्यात अर्थ नाही. स्वस्तात जुना घेणाऱ्याने प्रोसेसरची पिढी पाहूनच पैसे मोजावेत. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे आता विकायला पुष्कळ येतात. आणि टाकून द्यायचे यंत्र उकिरड्यावर नको, नोंदणी झालेल्या ई-कचरा केंद्राकडे द्यावे, डिस्क काढून घेऊन.

दादांची जुनी डिस्क वहिनींनी फडक्यात गुंडाळून देवघराशेजारच्या फडताळात ठेवली आहे. हप्त्याचा कागद दुकानदाराला परत गेला. पुतणीची फी वेळेवर भरली.