गोमटेश्वराच्या चरणांशी मराठी

(विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन व मध्ययुगीन भारताच्या इतिहासाचा अभ्यास करताना एक प्रश्न वरचेवर समोर येतो : मराठीतील आद्य शिलालेख कोणता? बहुसंख्य विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता ‘श्रवणबेळगोळ, इ. स. 983’ असे उत्तर लिहून मोकळे होतात. मराठी भाषेचा पहिला कोरीव शब्द भगवान बाहुबलींच्या चरणांशी उमटला, ही कल्पना मराठी मनाला सुखावणारी आहे आणि जैन समाजाला तर ती विशेष अभिमानाची वाटते. परंतु अभिमान आणि पुरावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

प्रथम मूर्तीचा विचार करू. कर्नाटकातील हासन जिल्ह्यात विंध्यगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्यांच्या मध्ये श्रवणबेळगोळ वसले आहे. विंध्यगिरीच्या माथ्यावरील अखंड शिळेतून घडविलेली बाहुबलींची मूर्ती सुमारे 57 फूट उंच आहे. मूर्ती उत्तराभिमुख असून कायोत्सर्ग मुद्रेत उभी आहे. पायांशी वारूळ, त्यातून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढत गेलेल्या वेली आणि या सर्वांपासून अलिप्त असलेले मुखावरील शांत, किंचित स्मित! भरताशी झालेल्या द्वंद्वात विजय हाती असताना ज्याने राज्याचा त्याग केला, त्या तपस्व्याची ही प्रतिमा होय. बाहुबलींच्या प्रतिमा यापूर्वी बदामी येथे आणि वेरूळच्या जैन लेण्यांतही कोरल्या गेल्या होत्या. मात्र एवढे भव्य रूप त्यांना प्रथम येथेच लाभले.

ही मूर्ती चामुंडराय याने करविली. तो गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. गंग हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. इ. स. 973 मध्ये तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली आणि गंगांचा मोठा आधार कोसळला. राष्ट्रकूट वंशातील चौथ्या इंद्राने इ. स. 982 मध्ये श्रवणबेळगोळ येथेच सल्लेखना घेऊन देह ठेवला. अशा पडत्या काळात चामुंडरायाने तलवारीबरोबर लेखणीही चालविली. त्याचे ‘चामुंडराय पुराण’ (इ. स. 978) हा कन्नड गद्यातील एक प्राचीन व महत्त्वाचा ग्रंथ आहे. ‘गोम्मटसार’कर्ते आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती हे त्याचे गुरू. मूर्तीच्या प्रतिष्ठेचे वर्ष परंपरेने 981 मानले जाते. म्हणूनच 1981 चा महामस्तकाभिषेक सहस्राब्दी सोहळा म्हणून साजरा झाला. काही अभ्यासक 983 हे वर्ष देतात.

आता लेखाकडे वळू. मूर्तीच्या चरणांलगत चामुंडरायाच्या कार्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. नागरी लिपीतील मराठी मजकूर दोन ओळींचा आहे : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’. म्हणजे चामुंडरायाने मूर्ती करविली आणि गंगराजाने सुत्तालय, अर्थात मूर्तीभोवतीचे आवार, करविले. ‘चावुण्डराजें’ या रूपातील तृतीयेचा प्रत्यय आणि ‘करवियलें’ हे प्रयोजक क्रियापद अस्सल मराठी आहे. त्याच ओळींत ‘सुत्ताले’ हा कन्नड वळणाचा शब्दही सुखेनैव नांदतो. दोन भाषांचा शेजारधर्म यापेक्षा थोडक्यात क्वचितच दिसेल.

कळीचा मुद्दा येथेच आहे. हा गंगराज कोण? तो होयसळ नृपती विष्णुवर्धनाचा जैन सेनापती. त्याने आवार बांधले ते इ. स. 1117 च्या सुमारास, म्हणजे मूर्तीनंतर सुमारे एकशेपस्तीस वर्षांनी! दुसरी ओळ त्याआधीची असणे शक्यच नाही. अक्षरांचे वळण पाहता दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांनी मांडले. तसे असल्यास पहिली ओळ चामुंडरायाविषयी असूनही त्याच्या काळातील ठरत नाही. दुसरीकडे, अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके 934, म्हणजे इ. स. 1012 असा वाचला आणि त्यास अग्रमान दिला. दिवेआगर येथील ताम्रपट शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा आहे.

व्यापारी पेढीवरील जुना मुनीम हे कोडे सहज सोडवील. माल केव्हा आला आणि वहीत नोंद केव्हा झाली, या दोन तारखा तो कधीही एक समजत नाही. जुन्या व्यवहाराची नोंद पुढे कोणी केली म्हणून व्यवहार खोटा ठरत नाही. पण नोंदीची तारीखही मागे ढकलता येत नाही. मूर्तीचे वर्ष हे लेखाचे वर्ष मानणे ही नेमकी तीच चूक होय.

मग परीक्षार्थीने काय लिहावे? वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमलेल्या पाठ्यपुस्तकाचे उत्तर ठाऊक असावे. वर्णनात्मक उत्तरात मात्र मूर्तीचा काळ, गंगराजाचा काळ आणि आक्षीचा दावा हे तिन्ही स्वतंत्रपणे लिहून प्रत्येकाचा आधार द्यावा. परीक्षकास पाठांतर आणि आकलन यांतील अंतर लगेच कळते. गुळ्ळकायज्जीची कथाही अशीच हाताळावी. अहंकाराने केलेला चामुंडरायाचा अभिषेक अपुरा राहिला आणि एका वृद्धेच्या लहानशा पात्रातील दुधाने तो पूर्ण झाला, ही आख्यायिका लोकमानसाची साक्ष म्हणून मोलाची आहे. घटनेचा पुरावा म्हणून ती मांडू नये.

लेखाचा काळ अलीकडे सरकला म्हणून श्रवणबेळगोळचे तेज उणे होते काय? मुळीच नाही. कन्नड मुलुखातील तीर्थावर, कन्नड आणि तमिळ नोंदींच्या सोबतीने कोणास तरी मराठीतही लिहावेसे वाटले. मराठी वाचणारा यात्रिक येथवर येतो, याची जाणीव त्यामागे असली पाहिजे. हा मान पहिल्या क्रमांकावर अवलंबून नाही.

विद्यार्थी मित्रांनो, सत्य हे अणुव्रत आहे. ते व्यवहारात पाळावयाचे तसेच उत्तरपत्रिकेतही पाळावयाचे. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीबाबत खरे लिहिणे सर्वांत कठीण असते आणि अभ्यासाची खरी कसोटी तेथेच लागते. ज्याने हाती आलेले राज्य सोडले, त्याच्या चरणांशी उभे राहून एका तारखेचा हट्ट सोडणे कोणासही जड जाऊ नये.

जय जिनेंद्र!