दिव्याखालची तुळस : पानें खुडावीं कीं ठेवावीं?

मुंबईपुण्याच्या पुष्कळ घरांतून आतां तुळशीला अंगण राहिलेलें नाहीं. समोर उंच इमारत उठते, सज्जांतलें ऊन जातें, आणि गांवाकडून आणलेली कुंडी दिवाणखान्यांत एलईडी दिव्याखालीं येऊन बसते. महिनाभरांत खालचीं पानें पिवळीं पडूं लागतात व घरांत दोन पक्ष होतात. खालचीं निरुपयोगी पानें काढलीं म्हणजे झाडाची शक्ति शेंड्याला मिळेल, असें सूनबाईंचें म्हणणें. सासूबाईंना तुळशीला कात्री लावणें हेंच मुळीं मान्य नसतें. झाड जगावें असें मात्र दोघींनाही मनापासून वाटत असतें.

सूनबाईंच्या म्हणण्यामागें एक समजूत आहे : सावलींतलें पान म्हणजे घरांतला आयतोबा. ही समजूत पटण्याजोगी असली तरी खरी नव्हे. हिरवीं पानें हवा शुद्ध करतात तीं केवळ उजेडांत, हें यान इंगेनहाउस या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिलें. उजेडांत पान साखर तयार करतें आणि अहोरात्र श्वसनासाठीं त्यांतली थोडी खर्चितें. उजेड फारच मंद झाला तर जमेपेक्षां खर्च वाढतो. परंतु पूर्ण वाढलेलें पान अशा वेळीं इतर पानांकडे हात पसरीत नाहीं. कोंवळेपणीं तें घेणारें असतें. एकदां देणारें झालें कीं सहसा पुन्हां घेणारें होत नाहीं. तें उपाशी राहतें, पिवळें पडतें, आणि जातांना आपल्यांतील बरेचसें नत्र कोंवळ्या पानांकडे परत पाठवितें. अर्धवट पिवळें पान तोडणें म्हणजे ही परतफेड मध्येंच अडविणें होय. देठाचा सांधा सुटला कीं नुसत्या स्पर्शानें पान हातांत येतें. तेव्हां तें खुशाल काढावें. बुरशी लागलेलें किंवा ओल्या मातीला टेकलेलें पान मात्र वाट न पाहतां दूर करावें.

मग पानें छाटण्याचा सल्ला येतो कोठून? हॉलंडमधील काचगृहांत टोमॅटोच्या वेलांचीं खालचीं पानें नियमानें काढतात. तेथें वेल कित्येक मीटर वाढतो, खालीं हवा खेळावी व रोग हटावा हा हेतु असतो, आणि माथ्यावर भरपूर पानें शिल्लक असतात. वीतभर तुळशीजवळ एवढें भांडवल कोठून असणार!

दिव्याखालच्या झाडाचें दुःख पानांच्या गर्दीचें नसून उजेडाच्या टंचाईचें असतें. अंगणांतल्या झाडाचें वरचें पान काय आणि खालचें काय, सूर्य दोघांनाही सारखाच दूर. एकट्या लहान दिव्याचें तसें नाहीं; अंतर दुप्पट झालें कीं उजेड एकचतुर्थांशावर येतो. म्हणजे खालच्या पानाला सावली आणि अंतर असा दुहेरी मार बसतो. म्हणून कात्री उचलण्यापूर्वीं दिवा थोडा खालीं आणावा. शेंड्यापाशीं धरलेल्या हाताला ऊब लागूं नये इतकें अंतर राखावें. जमल्यास दुसरा दिवा बाजूनें लावावा व कुंडी अधूनमधून फिरवावी. दिवसाचे १२ ते १४ तास दिवा पुरे. शिवाय कमी उजेडांत झाड पाणीही कमी पितें. अंगणांतल्याइतकें पाणी रोज घातलें तर मुळें कुजतात आणि पिवळेपणाचा दोष मात्र दिव्यावर येतो.

शेंडा खुडणें ही निराळी गोष्ट. शेंड्यांतून उतरणारें ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतें, असें थिमन व स्कूग यांनीं १९३३ सालीं दाखविलें. तुळशीचीं पानें समोरासमोर जोडीनें येत असल्यामुळें शेंडा काढला कीं बगलेंतून बहुधा दोन फांद्या फुटतात आणि काठीचें झुडूप होतें. मंजिऱ्याही बी धरण्यापूर्वीं काढाव्या. येथें सासूबाईंची हरकत नसते, कारण मंजिरी देवाला वाहावयाची असते. द्वादशीस व सूर्यास्तानंतर तुळस तोडूं नये, हा त्यांचा नियमही सहज पाळतां येतो. मग कुंडीपुरता सूर्यास्त बटणानें कां होईना!

दिवा खालीं आणल्यावर पिवळें झालेलें पान पुन्हां हिरवें व्हावें, अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. पाहावयाचें तें नव्या पानांकडे. दोन-तीन आठवड्यांत फुटणारीं पानें रुंद व गडद निघालीं आणि त्यांच्या पेऱ्यांमधील अंतर आंखडलें, म्हणजे उजेड पोहोंचला असें समजावें.