पंगतीत मूल रमावं कसं?

 

दिवेलागण होते, धारा निघतात, चुलीवरचा भात उतरतो आणि ताटं मांडली जातात. पुष्कळ घरांत नेमकी त्याच वेळी रड सुरू होते. धाकटं ताटावरून उठून पळतं, थोरलं भाजी बाजूला सारतं आणि आई घास घेऊन मागं फिरते. मग दोन उपाय निघतात. जुना उपाय भीतीचा, आणि आताचा मोबाइलचा. दोहोंनी घास पोटात जातो खरा. पण मूल जेवायला शिकत नाही.

भीतीचं आधी पाहू. ‘जेव, नाहीतर नाग येईल,’ असं कुणी म्हणालं, तर बत्तीस शिराळ्याच्या मुलखात ते शोभेल का? नागपंचमीला आपल्या आयाबाया नागाला भाऊ मानतात. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, अशी रीत. म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. मुलाला विचारा, ‘आज तवा का बरं चढला नाही?’ ते कान टवकारतं, गोष्ट ऐकतं आणि ऐकता ऐकता दिंड संपवतं. नागाचं भय घालण्यापेक्षा नागाची गोष्ट सांगणं केव्हाही बरं. भ्यालेल्या मुलाला घास गोड लागत नाही.

आता मोबाइल. डोळे पडद्यावर खिळले, की काय खाल्लं, किती खाल्लं, पोट भरलं का, याचं भान राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको. तो तास जेवणात तर नकोच.

मग मुलाला रमवायचं कसं? त्याला पंगतीत काम द्या. कुणी पाटपाणी घ्यावं, कुणी मीठ वाढावं, कुणी ताटं मोजावीत. मुलगा असो वा मुलगी, काम दोघांनाही. ज्या पंगतीची मांडामांड आपण केली, ती सोडून पळावंसं वाटत नाही.

नंतर कोडी घाला. ‘आज ताटात जमिनीखाली पिकलेलं काय आहे?’ शेंगदाण्याची चटणी ओळखली, की कांदा आठवतो. ‘आपल्या रानातलं काय, बाजारातलं काय? मीठ कुठून आलं?’ एवढ्यात अर्धी भाकरी संपते. मात्र तोंडात घास असताना हसवू नका, ठसका लागतो. आणि अगदी लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, कूट द्या.

नवी भाजी चिमूटभरच वाढा. नको म्हटलं तर रागावू नका. चार दिवसांनी पुन्हा वाढा. कधी कधी आठ-दहा वेळा चाखल्यावरच चव रुजते. काय शिजवायचं ते मोठ्यांनी ठरवावं; किती खायचं ते मुलाच्या पोटानं ठरवावं. आणि जेवण झालं, की हात धुऊन उठू द्या. लहान मूल तासभर बसत नसतं.

गुरुजी, आता तुमच्याकडं वळतो. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. पुढं शाळेत शिजवलेलं अन्न मिळू लागलं. घरी हट्ट करणारं मूल शाळेच्या ओळीत बसून निमूट जेवतं, हे तुम्ही पाहिलं असेल. तिथं कुणी घास घेऊन मागं धावत नाही. सगळी एकत्र बसतात, सगळ्यांना एकच अन्न. मूल शेजाऱ्याचं पाहून जेवतं. पालकसभेत एवढं जरूर सांगा.

कारण घरी नेमकं हेच होत नाही. बाप आधी जेवून उठतो, मूल पडद्यापुढं, आणि आई सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन एकटी. मूल पाहील कुणाकडं? आणि मुलगी त्यातून काय शिकते? की आपली पाळी शेवटची. तेव्हा दिवसातून एक वेळ तरी, रात्रीची म्हणा, सगळं वाढून भांडी मधे ठेवा आणि आईलाही पंगतीत बसवा. ज्याला जे हवं, ते त्यानं हातानं घ्यावं.

मुलाला वळण बोलून लागत नाही, शेजारी बसून लागतं. आज रात्रीपासून करून पाहा.