हिवाळी पाहुणा : निळ्या डोक्याचा कस्तूर

(पक्षिसप्ताहानिमित्त शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

पावसाळा सरून ऑक्टोबर उजाडला की सह्याद्रीच्या रानात दूरचे पाहुणे उतरू लागतात. निळ्या डोक्याचा कस्तूर हा त्यांपैकी एक. उन्हाळ्यात हिमालयाच्या उतारांवरील जंगलात त्याची वीण होते. थंडीचे दिवस तो पश्चिम घाटाच्या दाट सावलीत घालवतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परत फिरतो. रायगड जिल्ह्यातील कर्नाळा अभयारण्यात तो आढळतो. परंतु गावाची देवराई किंवा बांबूचे बन त्याला वर्ज्य नाही.

तरीही तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. याचे कारण त्याची स्तब्धता होय. चाहूल लागताच तो जमिनीवरून उठून जवळच्या फांदीवर बसतो व बराच वेळ हालत नाही. हिवाळ्यात तो फारसा बोलतही नाही. म्हणून सकाळी झाडाखालच्या पाचोळ्यावर नजर ठेवावी. पक्षी उडाल्यास पाठलाग करू नये. तो कोणत्या फांदीवर बसला, एवढेच पाहावे.

आकाराने तो साधारण बुलबुलाएवढा असतो. नराचा माथा व गळा निळा, डोळ्यांवरून जाणारा पट्टा काळा, पोट व कंबर तांबूस-नारिंगी आणि पंखावर ठळक पांढरा ठिपका असतो. मादी वरून तपकिरी असून तिच्या फिकट पोटावर खवल्यांसारखी गडद नक्षी असते. आपल्याकडील नारिंगी डोक्याच्या कस्तुराशी त्याची गल्लत होऊ शकते. मात्र त्याचे डोके नारिंगी व पाठ निळसर राखी असते. निळा कस्तूर हाही हिवाळी पाहुणाच. तो उघडे खडक, गडकोट व जुन्या इमारती पसंत करतो. त्याच्या नराच्या अंगावर नारिंगी रंग नसतो.

या पक्ष्याचे अन्न मुख्यत्वे पाचोळ्यातील किडे होत. देवराईतील पाचोळा झाडून पेटवला किंवा वणव्यात जळाला, तर झाडे उभी राहूनही पाहुण्याचे ताट रिकामे होते. पाचोळा राखण्यास निधी लागत नाही; ग्रामसभेचा निर्धार पुरेसा आहे.

डॉ. सालिम अली व मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह राज्यात २०२० पासून साजरा होतो. त्या निमित्ताने प्रत्येक शाळेने एक वही सुरू करावी. कस्तूर प्रथम केव्हा दिसला, कोठे दिसला, अखेरचा केव्हा दिसला, एवढ्या तीन नोंदी पुरेत. जैवविविधता व्यवस्थापन समितीने त्या गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवून घ्याव्यात. काही वर्षांच्या नोंदी हाती आल्या की पाहुणा वेळेवर येतो की नाही, हे गावाला स्वतःच सांगता येईल. आणि तो येईनासा झाला, तर तेही वेळीच कळेल.