लहान गांवाचें क्रीडांगण



मोठ्या शहराच्या महानगरपालिकेंत उद्यानांचें स्वतंत्र खातें असतें. त्याला अधिकारी असतो, माळी असतात, वर्षाचें अंदाजपत्रक असतें. किनवट तालुक्यांतील इस्लापुरासारख्या गांवीं हें काम कोणीं करावयाचें, याविषयीं मी आज बोलणार आहें. रस्ता, पाणी, दवाखाना यांची जेथें निकड, तेथें बागेची गोष्ट काढणें ही चैन नव्हे काय, असें कोणी विचारील. विचारणाऱ्यानें शाळा सुटल्यानंतर गांवचीं मुलें कोठें खेळतात तेवढें पाहून यावें.

१९९२ सालीं राज्यघटनेंत ७३ वी व ७४ वी अशा दोन दुरुस्त्या मंजूर झाल्या. शहरांसाठीं जोडलेल्या बाराव्या अनुसूचींतील १८ विषयांत उद्यानें, बागा व क्रीडांगणें नांवानिशीं आलीं आहेत. खेड्यांसाठीं जोडलेल्या अकराव्या अनुसूचींत २९ विषय आहेत. त्यांत वाचनालयें आहेत, बाजार व जत्रा आहेत, क्रीडांगण मात्र नाहीं. खेड्याभोंवतीं सारें रानच मोकळें, मग मैदान कशाला, अशी समजूत असावी. पण रान मोकळें दिसलें तरी कोणाच्या तरी मालकीचें असतें, नाहींतर वनखात्याचें. आणि पेरणी झाल्यावर शेतांत मुलांचा पाय पडून चालत नाहीं.

आपल्या राज्याचा १९५८ चा ग्रामपंचायत कायदा या बाबतींत अधिक शहाणा आहे. आखाडे आणि खेळ-करमणुकीचीं ठिकाणें काढणें व चालविणें हें पंचायतीच्या कामांच्या यादींत आहे. शिवाय १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमान्वयें सरकारी जमिनींतून गुरचरणाप्रमाणेंच उद्यानासाठींही तुकडा राखून ठेवतां येतो, आणि राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून अन्य कामीं लावतां येत नाहीं. या शेवटल्या तरतुदीचें मोल मोठें आहे. मोकळ्या जागेवर आज एक टपरी येते, उद्यां कडब्याची गंजी, परवां भिंत. आणि मग भांडण कोणाशीं करावयाचें हेंच कळत नाहीं.

जागा तरी कितीशी लागते? कबड्डीस १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, खो-खोस २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. दोन्हीं मिळून साडेपांच गुंठ्यांच्या आंतबाहेर. भोंवतीं वावरावयास थोडी अधिक धरावी. कडेला मात्र साग लावूं नये. किनवटचें रान सागाचें, म्हणून रोप सहज हातीं येईल. परंतु ऐन उन्हाळ्यांत, सावली हवी तेव्हांच, साग उघडा असतो. कडुनिंब, वड, चिंच हींच झाडें बरीं.

आतां सहस्रकुंडाविषयीं. इस्लापुराजवळ पैनगंगेवर असलेला हा धबधबा म्हणजे या भागाचें खरें उद्यान. काळ्या खडकावरून असंख्य धारांनीं पाणी कोसळतें तें पाहावयास पावसाळ्यांत दूरदूरचे लोक येतात. नदीच्या एका तीरावर नांदेड जिल्हा, दुसऱ्यावर यवतमाळ. सरहद्दीचें नशीब या मुलखास नवें नाहीं: १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यांत होतें. परंतु पाणी जिल्हा पाहत नाहीं. वरच्या अंगास ईसापूर धरण आहे (इस्लापूर नव्हे, नांवांचा घोटाळा नेहमींच होतो). त्याचे दरवाजे उघडले म्हणजे येथें आभाळ कोरडें असतांही पात्र चढूं शकतें, आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाहीं. म्हणून दोन्हीं तीरांवर धोक्याच्या रेषा, मजबूत कठडा, मराठींत व तेलुगूंत ठळक फलक, आणि गर्दीच्या दिवसांत पोहणारे दोन पगारी तरुण एवढें तरी हवें. हा खर्च एकट्या पंचायतीवर टाकणें अन्यायाचें होईल. दोन्हीं जिल्ह्यांनीं तो वांटून घ्यावा.

क्रीडांगणाचा ठराव मात्र गांवानेंच करावयाचा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत तो मांडावा, आणि तहसीलींत अर्ज देतांना जागेचा सातबारा व मोजणीचा नकाशा सोबत जोडावा.