गर्दीच्या वेळचं मोबाईल नेटवर्क

संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोतून उतरलेली गर्दी पुलावरून लोकलकडे धावते. तिच्या खिशातले हजारो फोनही तेव्हा नेटवर्कला कामाला लावत असतात. फोनची ओळख पटवणं, कॉल जोडणं ही कामं पूर्वी खास बनावटीची यंत्रं करत. ती साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने करावीत, असा प्रस्ताव बड्या दूरसंचार कंपन्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात मांडला.

खर्च वाचतो, पण मोजमाप अवघड होतं. यंत्र मोजायची रीत १९९९ पासून ठरलेली आहे: एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, न गाळता किती भार पेलतं, आणि किती उशीर लावतं. सॉफ्टवेअरचं मात्र चाळीतल्या बिऱ्हाडासारखं असतं. शेजाऱ्याने नळ सोडला की आपल्याकडे धार बारीक. एकाच सर्व्हरवरचं दुसरं काम प्रोसेसर आणि मेमरी ओढून घेतं. म्हणून चाचणी दोनदा घ्यावी लागते, सर्व्हर मोकळा असताना आणि शेजारी मुद्दाम भार टाकून.

पॅकेटही छोटी हवीत. मोठ्या पॅकेटांवर आकडे देखणे येतात. बोलणं मात्र छोट्या पॅकेटांतून जातं. आणि सरासरीवर तर माझा अजिबात भरवसा नाही. शंभरातली सर्वांत उशिरा पोहोचलेली पॅकेटं बघा. आवाज तुटतो तो तिथे.

दूरसंचार नियामक ट्राय रस्त्यावर गाडी फिरवून नेटवर्क तपासते. अंधेरीत कॉल तुटला हे त्यात कळतं. पण दोष टॉवरचा की दूरच्या सर्व्हरचा, हे कंपनीला आतूनच मोजावं लागतं.